मोठी गाडी, बेताचं बजेट : बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांतल्या जुन्या गाड्या

आपल्या गावाचा इतिहास म्हटला की आपण मुमताज महल, असीरगड आणि कुंडी भंडारा यांवर थांबतो. आज लिहितोय ते मात्र शनवारा ते लालबाग आपल्याच लोकांच्या दारात उभ्या राहिलेल्या मोठ्या गाड्यांबद्दल. त्या शोरूममधून आलेल्या नव्हत्या. कुणीतरी लाख-दीड लाख किलोमीटर चालवून सोडलेल्या होत्या. लूमवाले, केळीवाले, नेपानगरच्या कागद मिलमधून रिटायर झालेले, अशा लोकांनी त्या हिशेब करून घेतल्या. काहींचा हिशेब जमला, काहींचा घराला जड गेला.

पहिली मोठी गाडी म्हणजे काँटेसा. हिंदुस्थान मोटर्सने ती 1984 मध्ये आणली. बांधणी इंग्लंडच्या वॉक्सहॉल व्हिक्टरची, पण सुरुवातीचं इंजिन मात्र अँबेसेडरच्याच घराण्यातलं. म्हणजे दिसायला साहेब आणि घाटात दमेकरी. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठे तिच्यात जीव आला. ते इंजिन बनायचं आपल्या मध्य प्रदेशातच, इंदूरजवळच्या पिथमपूरला. त्यामुळे नव्वदच्या दशकात इंदूरच्या वकील-डॉक्टरांनी विकलेल्या काँटेसा निमाडात सहज खपल्या. मिस्त्रीला इंजिन कळायचं, सामान इंदूरला मिळायचं. अडचण एकच, पेट्रोल. लोक गमतीने म्हणायचे, काँटेसा घरात नाही, पंपावर बांधायची. 2002 साली तिचं उत्पादन थांबलं. त्यानंतर काच, दिव्याची फ्रेम, दाराचं रबर अशा किरकोळ वस्तूंसाठी मुंबईच्या कुर्ल्यातला भंगार बाजार पालथा घालावा लागे. इंजिन ठणठणीत आणि दार बंद होत नाही, अशा कितीतरी काँटेसा शेवटी कांटाच्या वजनावर गेल्या.

1995 मध्ये पुण्याला, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीज जोडायला सुरुवात झाली. ई-क्लासची ती पिढी जगभर टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळालेली. नवी घ्यायची तर वीस लाखांच्या वर, म्हणजे आपल्यासाठी विषयच संपला. पण दहा-बारा वर्षांनी तीच गाडी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळू लागली. तिच्या पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन असते. ट्रॅक्टर आणि पाण्याच्या पंपावर हात बसलेल्या आपल्या मिस्त्र्यांना ते इंजिन परकं वाटलं नाही. पेट्रोलवाल्यांची गोष्ट वेगळी. त्या काळच्या बऱ्याच मर्सिडीज पेट्रोल गाड्यांत इंजिनाच्या तापाने वायरिंगवरचं आवरण तडकून गळून पडायचं. वरून गाडी चकाचक, आत वायर उघडी.

मग 2001 मध्ये स्कोडाने औरंगाबादजवळ शेंद्र्याला कारखाना काढला आणि ऑक्टेव्हिया आली. आजचं छत्रपती संभाजीनगर. मुक्ताईनगर, जळगाव, अजिंठा करत आपल्याकडचे कित्येक जण तिकडे लग्नकार्याला जातातच. त्यामुळे मोठी गाडी पहिल्यांदा पाहुण्यांच्या गावची झाली. कुणाचा भाचा, कुणाचा जावई तिकडच्या कंपन्यांत. कोणत्या साहेबाची बदली झाली, कोण गाडी काढतोय, ही बातमी फोनवर यायची.

आमच्या थोरल्या काकांनी 2011 मध्ये अशीच 2003 ची ऑक्टेव्हिया डिझेल घेतली. किलोमीटर 1,60,000, किंमत सव्वादोन लाख. घरात आधी वाद झाला. काकूंचं म्हणणं साधं होतं : "घ्यायचे पैसे आहेत हे मला माहीत आहे. ठेवायचे आहेत का, ते सांगा." काकांनी मग वही काढली. सव्वादोन लाख एका पानावर आणि 75,000 दुसऱ्या पानावर, पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला. ते 75,000 बँकेत वेगळे ठेवले तेव्हाच काकूंनी हो म्हटलं.

माझ्या मते हेच या सगळ्या इतिहासाचं सार. जुन्या मोठ्या गाडीला दोन किमती असतात. पहिली मालक सांगतो. दुसरी गाडी सांगते, आणि ती नव्या गाडीच्या हिशेबाने सांगते. गाडीचा भाव पडतो, पण तिच्या सामानाचा भाव पडत नाही. दहा लाखांची गाडी दोन लाखांत मिळाली, तरी ब्रेक आणि क्लच दहा लाखांच्या गाडीचेच लागतात.

पहिल्या महिन्यात काकांनी टायमिंग बेल्ट, त्याचे रोलर आणि पाण्याचा पंप एकत्र बदलून घेतला. बेल्ट चालू होता, दिसायला ठीक होता. पण तो धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं. जुना मालक "नुकताच बदललाय" म्हणाला होता, बिल मात्र नव्हतं. काकांचा नियम असा : बिल नाही, म्हणजे काम झालेलं नाही.

दुसरा शत्रू आपल्या गावचा उन्हाळा आणि पाणी. कुंडी भंडाऱ्याच्या भुयारात भिंतींवर चुन्याचा थर बसलेला आपण पाहिलाय. तसाच थर नळाचं पाणी रेडिएटरमध्ये धरतं. म्हणून काका कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालत. मे महिन्यात होज पाइप हाताने दाबून बघत. कडक झाला किंवा फुगला की बदलायचा, फुटायची वाट बघायची नाही.

गाडी बघायला जाताना ते सकाळी, इंजिन थंड असताना जायचे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी आत जात असेल. मीटरपेक्षा त्यांचा विश्वास ब्रेक पेडलच्या रबरावर आणि स्टिअरिंगच्या झिजेवर. मीटर 70,000 दाखवतो आणि पेडल गुळगुळीत, तर चहा पिऊन परत.

कागदाचं काम वेगळंच. आपला जिल्हा 15 ऑगस्ट 2003 ला झाला, त्याआधी सगळं खंडव्याला. महाराष्ट्रातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इकडे ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा कर आणि नवा नंबर. इच्छापूरची हद्द जवळ असल्याने एमएच नंबरवर वर्षानुवर्षं फिरणारे आपल्याला ठाऊक आहेत. काकांनी एमएच-20 ची एमपी-68 केली, आणि तो खर्चही वहीत गाडीच्या किमतीतच धरला.

2015 पासून दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. तिकडच्या जर्मन गाड्या एकदम स्वस्त झाल्या आणि आपल्याकडच्या तरुण मुलांचे डोळे दिपले. ओळखीच्या एका लूमवाल्यांनी हवेच्या सस्पेन्शनची मोठी गाडी आणली. वर्षभरात ती एका बाजूला बसली. दुरुस्तीचा आकडा खरेदीच्या निम्म्याहून जास्त. सुताचे पैसे द्यायचे राहिले, दोन माग विकले गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. त्या घरात वही नव्हती असं नाही. वही लूमची होती, गाडीची नव्हती.

काकांच्या ऑक्टेव्हियाची नोंदणी 2018 ला पंधरा वर्षं झाल्यावर पाच वर्षांनी वाढली. 2022 पासून त्या कामाची फी 600 वरून 5,000 झाली, म्हणून 2023 ला तेवढे भरले. गाडीने आता साडेतीन लाख किलोमीटर ओलांडलेत. तिच्यातून तीन वराती गेल्या आणि आजीला इंदूरच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता नेलं तीही तीच. वही आता चौथी चालू आहे, आणि अक्षर काकूंचं आहे.

तुमच्या घरी अशी गाडी होती का? कुठून आणली, किती वर्षं टिकली, शेवटी कुणाला दिली? जुना फोटो असेल तर खाली टाका. नंबर प्लेट दिसली तर गाडी कोणत्या गावाहून आली ते सांगणारे जाणकार आपल्यात बरेच आहेत.