सुलट टाक्यांची गोधडी

गोधडीचा इतिहास सनावळींत सांपडत नाहीं. जुन्या लुगड्यांचे तुकडे धांवत्या टाक्यांनीं जोडून आजीनें शिवलेली वाकळ नातवंडांच्या अंगावरच झिजून जाते. तिची लोकरीची धाकटी बहीण म्हणजे विणलेल्या चौकोनांचें पांघरूण. तिचीही नोंद कोणी ठेविली नाहीं. मात्र मुंबईच्या उपनगरांत ज्या गाडींत ती विणली गेली, त्या गाडीचे सन ठाऊक आहेत.

१९२८ सालीं कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. महापालिकेच्या हद्दींत अंधेरी १९५० सालीं, बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं आलीं. शहरही तुकड्यातुकड्यांनींच जोडलें गेलें म्हणावयाचें! पुढें स्त्रियाही मोठ्या संख्येनें नोकरीस निघाल्या आणि ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांची गाडी धांवली. बायकांच्या डब्यांत बसावयास जागा मिळाली कीं कोणी भाजी निवडी, कोणी सुया काढी.

पण चौकोनच कां? चाळीस टाके घालावे, दोन्ही बाजूंनीं सुलटच विणावें. ऐंशी ओळी झाल्या कीं चौकोन तयार. नमुना ध्यानांत ठेवावा लागत नाहीं, कडा वळत नाहींत, आणि दादर आलें म्हणून हात थांबला तरी कांहीं बिघडत नाहीं. सबंध शाल त्या गर्दींत मांडीवर मावणार कोठून? अडचण एकच: एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट, मग चौकोन जुळवितांना जोडणारीची परीक्षा होते.

यास फावल्या वेळचा छंद म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः फावला वेळ नव्हता, म्हणूनच हें काम चौकोनांत वांटलें गेलें. मुंबईच्या हवेंत लोकर हवी कशाला, असें कोणी विचारील. पण बाळंतविडा मुंबईंतही लागतो, आणि सोळा चौकोनांत तान्ह्याचें पांघरूण होतें.