तांब्याचा धूर आणि पाइनचें रान

पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळी आहे. हंडे, घंगाळें, बंब यांवर पडणाऱ्या हातोड्यांचा ठोका तेथें पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येत आला. भट्टीचा धूर त्या आळीला नवा नाहीं; परंतु तांब्याचा खरा जहरी धूर तेथवर पोहोंचतच नाहीं. तो खाणीजवळच निघून गेलेला असतो, आणि त्याची किंमत तेथल्या रानानें मोजलेली असते.

तांब्याच्या बहुतेक खनिजांत गंधक असतो. खनिज भाजलें कीं गंधक जळून त्याचा दम कोंडणारा वायु होतो आणि पानांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे आंत शिरतो. सॅक्सनींतील थारांटच्या वनविद्यालयाचे रसायनशास्त्रज्ञ स्टॉकहार्ट यांनीं 1850 नंतर धातूच्या भट्ट्यांभोवतीं वाळणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांचा अभ्यास करून दोष याच वायूचा असल्याचें दाखवून दिलें. आपला पिंपळ दरसाल जुनीं पानें टाकून नवीं धारण करतो. पाइनची सुई मात्र दोन-तीन वर्षें, कांहीं जातींत त्याहूनहि अधिक काळ, झाडावर राहते. म्हणून एका सालच्या घावांत पुढल्या सालच्या घावाची भर पडते. सुया टोंकाकडून तांबूस होऊन अकालीं गळतात, झाड उपाशी राहतें, आणि मग साल पोखरणारे किडे त्याचा फडशा पाडतात.

अमेरिकेंत टेनेसी संस्थानांतील डकटाउन येथें खनिजाचे ढीग लांकडांवर रचून उघड्यावर भाजीत. सरपणासाठीं आधीं रान तुटलें. उरलेलें धुरानें मेलें. सुमारें 50 चौरस मैल जमीन उजाड झाली. धूर सरहद्द ओलांडून जॉर्जियांत शिरला, तेव्हां त्या संस्थानानें फिर्याद केली, आणि 1907 सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जॉर्जियाच्या बाजूनें लागला. त्याच सुमारास कंपन्या धुरापासून गंधकाचें तेजाब करूं लागल्या. गंमत अशी कीं, कालांतरानें तेजाब हाच तेथील मुख्य माल ठरला! 1930 नंतर त्या बोडक्या टेकड्यांवर पाइनचीं रोपें लावण्यांत आलीं.

एवढ्यावर प्रकरण मिटतें तर बरें होतें. 1950 नंतर लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सॅन बर्नार्डिनो डोंगरांतील पाइन पिवळे पडूं लागले. जवळपास तांब्याची भट्टी नव्हती. 1960 नंतर उलगडा झाला, तो असा कीं मोटारींच्या धुरावर ऊन पडून ओझोन वायु होतो, आणि सुया त्यानेंच जळत होत्या. कसबा पेठेंतहि आज वाहनांची रीघ आहे, उन्हाचीहि वाण नाहीं; पाइन तेवढा नाहीं. पुण्याचीच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था शहराच्या हवेंतील ओझोन मोजते. हा वायु गर्दीच्या रस्त्यावर फारसा सांचत नाहीं. वाऱ्याबरोबर दूर गेल्यावर, गांवाबाहेरच्या झाडाझुडपांत, तो अधिक आढळतो.