लक्षणांपासून प्रयोगशाळेपर्यंत : गुरांच्या विषाणुजन्य साथींचे निदान आणि रायगडचा किनारा

प्रस्तावना
रायगड जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखला जात असे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांतील भातशेती दीर्घकाळ बैलांच्या बळावर उभी होती. पावसाच्या तोंडावर गोठ्यात साथ शिरल्यास नांगरणी खोळंबे व वर्षाचे पीक धोक्यात येई. म्हणूनच गुरांच्या रोगाचे वेळेवर निदान हा ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या इतिहासाचाही विषय ठरतो. प्रस्तुत लेखात बुळकांडी व लम्पी त्वचारोग यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

लक्षणांवरून निदान
एकोणिसाव्या शतकात बुळकांडी ओळखली जाई ती तीव्र ताप, डोळ्या-नाकांतील स्राव, तोंडातील व्रण व दुर्गंधीयुक्त हगवण यांवरून. परंतु तोंडातील व्रण लाळ्या-खुरकुतातही आढळतात. त्या रोगातून मोठी जनावरे बहुधा वाचतात. बुळकांडीत मात्र गोठेच्या गोठे रिकामे होत. १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये लोकवस्तीपासून दूर, कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. बुळकांडीचे कारण जंतुगाळणीतूनही पार होणारा विषाणू आहे, हे १९०२ मध्ये निकोल व अदिल-बे यांनी दाखविले.

प्रतिपिंडांचा पुरावा
१९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. लसीमुळे साथी आटोक्यात आल्या; पण निदानापुढे नवा पेच उभा राहिला. लस टोचलेल्या व रोगातून बऱ्या झालेल्या जनावरांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी ओळखता येत नसत. त्यामुळे रोग संपल्याचे सिद्ध करण्यासाठी लसीकरण थांबवून रक्तजलाची तपासणी करणे अपरिहार्य ठरले. भारतातील शेवटची नोंद १९९५ ची आहे. २००६ मध्ये देश संसर्गमुक्त ठरला, तर २०११ मध्ये जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले.

निष्कर्ष
२०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी त्वचारोग पसरला. अंगावरील गाठींवरून संशय येतो. निश्चिती मात्र खपल्यांच्या नमुन्यांवरील पीसीआर चाचणीने होते. बुळकांडी प्रामुख्याने निकट संपर्काने पसरे, लम्पी मुख्यत्वे चावणाऱ्या कीटकांमार्फत पसरतो. म्हणून दमट किनारपट्टीवर केवळ विलगीकरण पुरेसे नाही. गोठ्यातील माश्या, डास व गोचिडांचाही बंदोबस्त आवश्यक आहे. साधने बदलली तरी निदानाची पहिली कडी पशुपालकच आहे. २००९ च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित रोगांची वर्दी देणे त्याचे कर्तव्य ठरविले आहे. त्याने वेळीच कळविल्याविना नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.