एका सिस्टरचे हात आणि ग्लोव्ह्जचा जन्म

आजचा भाग सुरू होतो माझ्या मावशीच्या हातांपासून.

मावशी एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिच्या मनगटावर कायम लाल चट्टे असायचे. लहानपणी मी विचारायचो, "मावशी, भाजलं का गं?" ती म्हणायची, "नाही रे, ग्लोव्ह्ज बाधतात." मला तेव्हा ते खोटंच वाटायचं. हात वाचवायला घालतात ती वस्तू हाताला कशी बाधेल?

मागच्या महिन्यात निवांत बोलत बसलो, तेव्हा ती म्हणाली, "अरे, आमच्या सुरुवातीला ग्लोव्ह्ज फेकत कोण होतं? धुवायचे, आत हवा भरून पाण्यात बुडवायचे, बुडबुडा आला की समजायचं भोक आहे. मग दोरीवर वाळत घालायचे, पावडर लावायची, जोड्या लावून ऑटोक्लेव्हला." हे ऐकलं आणि मी ग्लोव्ह्जचा इतिहास शोधायला बसलो. गंमत बघा, तो इतिहाससुद्धा एका सिस्टरच्या हातांपासूनच सुरू होतो.

साल 1889. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल नुकतंच सुरू झालं होतं. हातावरून संसर्ग पसरतो, हे एव्हाना पटायला लागलं होतं. व्हिएन्नात सेमेलवाइसने 1847 मध्येच डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले होते. पुढे लिस्टरने कार्बोलिक ॲसिड आणलं. म्हणून ऑपरेशनआधी हात जहाल औषधांत बुडवायचे, त्यात पाऱ्याचं मर्क्युरिक क्लोराइडही आलं. जंतू मरायचे, पण कातडीचीही वाट लागायची.

तिथल्या ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर होती कॅरोलाइन हॅम्पटन. तिच्या हातांना इतका त्रास झाला, की नोकरी सोडायची वेळ आली. सर्जन विल्यम हाल्स्टेडने गुडइयर रबर कंपनीला पातळ रबराचे हातमोजे बनवायला सांगितले. ते छान जमले. पुढच्याच वर्षी, 1890 मध्ये, दोघांचं लग्न झालं. म्हणून ही गोष्ट प्रेमकथा म्हणून व्हायरल होते.

पण मला अडकवलं ते पुढच्या भागाने. हे ग्लोव्ह्ज पेशंटसाठी नव्हतेच! ते सिस्टरला औषधापासून वाचवायला होते. हळूहळू मदतनीसही ते घालायला लागले, पण सर्जन मात्र बरीच वर्षं उघड्या हातानेच कापत होते. अखेर हाल्स्टेडचाच शिष्य जोसेफ ब्लडगुड याने हर्नियाच्या साडेचारशेहून जास्त ऑपरेशन्सचा हिशोब मांडून तो 1899 मध्ये छापला. ग्लोव्ह्जशिवाय संसर्ग सुमारे 17 टक्के, ग्लोव्ह्ज घालून 2 टक्क्यांच्याही खाली. आपल्याला हे आधी कसं दिसलं नाही, याचं नंतर खुद्द हाल्स्टेडला नवल वाटलं. वस्तू हातातच होती, मोजलं कुणी नव्हतं.

आता उडी मारून 1980च्या दशकात येऊ. एकदा वापरून फेकायचे ग्लोव्ह्ज तोवर बाजारात आले होते. एचआयव्ही आला आणि नियम झाला: प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्ग असलेलंच समजून वागा. ग्लोव्ह्जची मागणी प्रचंड वाढली, आणि वाढली लेटेक्सची ॲलर्जीही. नैसर्गिक रबरातली प्रथिनं पावडरला चिकटतात आणि पावडरबरोबर हवेत उडतात. मावशीचे चट्टे याच ॲलर्जीचे होते. अमेरिकेने पावडरवाल्या मेडिकल ग्लोव्ह्जवर बंदी घातली ती थेट जानेवारी 2017 मध्ये. म्हणजे ज्या वस्तूने एका सिस्टरचे हात वाचवले, तिनेच पुढे कितीतरी सिस्टरांचे हात सोलले.

आणि 2020? कोरोनाच्या ऐन काळात, ऑगस्टमध्ये, नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका गोदामावर पोलिसांनी छापा टाकला. तिथे वापरलेले ग्लोव्ह्ज धुऊन, वाळवून पुन्हा विकायला काढले जात होते, तेही टनावारी. मावशीला सांितलं तर ती चिडलीच. "आम्ही धुवायचो ते नाइलाजाने. पण प्रत्येक बोट तपासायचो रे! आणि नवे आहेत म्हणून कुणाला फसवत नव्हतो."

मग चांगला ग्लोव्ह ओळखायचा कसा? घरी आजारी माणूस असेल किंवा तुम्ही नर्सिंग, लॅबला असाल, तर बॉक्स वाचा. रक्त हाताळायचं तर नायट्राइल घ्या. त्यात लेटेक्सची प्रथिनं नसतात आणि स्वस्तातल्या व्हिनाइलपेक्षा तो कमी फाटतो. पावडर-फ्री बघा. बॅच नंबर, एक्स्पायरी आणि मानक बघा. भारतात तपासणीच्या ग्लोव्ह्जसाठी आयएस 15354 आहे. सुटे, पिशवीत भरलेले घेऊ नका.

बॉक्सवर 'एक्यूएल' लिहिलेलं असतं. कारखान्यात नमुन्याच्या ग्लोव्हमध्ये एक लिटर पाणी भरून गळतो का ते बघतात. मावशीच्या बुडबुड्यांचीच ही मोठी बहीण! एक्यूएल 1.5 म्हणजे ढोबळमानाने शंभरात दीड सदोष इथपर्यंत माल चालवून घेतात. 2.5 पेक्षा 1.5 चांगला. पण नीट ऐका: चांगल्या बॉक्समध्येही भोकवाला ग्लोव्ह निघू शकतो. म्हणून एका पेशंटला एक जोडी, आणि काढल्यावर हात धुवायचेच.

पुढच्या वेळी रक्त तपासायला जाल, तेव्हा समोरच्याने आधीच्या पेशंटचेच ग्लोव्ह्ज ठेवलेत का ते बघा. तसं असेल तर न लाजता म्हणा, "नवीन घालता का, प्लीज?" मावशी सांगते, चांगल्या सिस्टरला याचा राग येत नाही.

तुमच्या घरी कुणी सिस्टर, वॉर्डबॉय, लॅबवाले असतील, तर त्यांच्या हातांची गोष्ट मला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर हात धुवा!