सुंदरलाल समिती

सुंदरलाल समिती ही हैदराबाद संस्थानातील पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने १९४८ मध्ये पाठविलेली समिती होय. पंडित सुंदरलाल हे तिचे अध्यक्ष, तर काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिसरी हे सदस्य होते. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत समितीने तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचा समावेश केला.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर निजामाने भारतात विलीन होण्याचे नाकारले. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी खेडोपाडी लूट, जाळपोळ व हत्या केल्या. बिदर जिल्ह्यातील गोरटा येथील हत्याकांड (मे १९४८) त्यांपैकीच होय. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. या काळात रझाकारांच्या अत्याचारांचा सूड अनेक ठिकाणी सामान्य मुस्लिम रहिवाशांवर उगवला गेला.

पाहणी व निष्कर्ष

समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानातील १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून साक्षी नोंदविल्या. संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार लोक मृत्युमुखी पडले असावेत, असा तिचा अंदाज होता. त्यांपैकी किमान १८ हजार मृत्यू उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांतील होते. काही ठिकाणी सैनिक व पोलीसही लुटीत आणि हत्येत सामील होते, असे अहवालात म्हटले आहे. त्याचबरोबर, जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे. सरदार वल्लभभाई पटेल यांना समितीचे निष्कर्ष मान्य नव्हते.

अहवालाची गोपनीयता

सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. पुढे काही अभ्यासकांनी त्यातील भाग छापले. २०१३ च्या सुमारास नवी दिल्लीतील नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात तो वाचकांना उपलब्ध झाला. तोवर घटनेला सहा दशके उलटून गेली होती.

सत्य जाणण्याचा हक्क

आप्तांचे काय झाले, कोणी केले व का केले, हे जाणण्याचा पीडितांचा हक्क आंतरराष्ट्रीय मानवी हक्कविचारात मान्य झाला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१० मध्ये २४ मार्च हा दिवस या हक्कासाठी व पीडितांच्या प्रतिष्ठेसाठी घोषित केला. हा हक्क रझाकारांच्या अत्याचारांना बळी पडलेल्यांच्या वारसांना जितका लागू होतो, तितकाच पोलीस कारवाईनंतर मारल्या गेलेल्यांच्या वारसांनाही लागू होतो.

हेही पाहा

* मराठवाडा मुक्तिसंग्राम
* रझाकार
* धाराशिव जिल्हा