चौकटीच्या दुकानातून गॅलरीपर्यंत

पुतण्याला नव्या घरासाठी नावाजलेल्या गॅलरीतून एक चित्र घ्यायचे आहे. "काका, तिथे आपल्यासारख्यांना कोण विचारतो?" हा त्याचा प्रश्न. मी इतिहासाचा मास्तर, तेव्हा उत्तरही इतिहासातलेच.

मुंबईत १९४१ साली केकू गांधी यांनी 'केमोल्ड' हा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. हळूहळू त्यांच्या दुकानात हुसेन, आरा अशा तरुणांची चित्रे दिसू लागली. १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर 'गॅलरी केमोल्ड' निघाली. २००७ मध्ये ती फोर्टात प्रेस्कॉट रोडला गेली. म्हणजे या प्रतिष्ठित गॅलरीचे मूळ एका साध्या दुकानात!

आणि घेणारे कोण? व्हिएन्नाहून निर्वासित होऊन आलेले श्लेसिंजर, टीआयएफआरसाठी निवड करणारे होमी भाभा. या चित्रांना आजचे मोल येण्याआधीच त्यांनी ती घेतली.

म्हणून पुतण्याला म्हटले, बेलाशक जा. बघायला पैसे पडत नाहीत. किंमत विचारायला लाजू नकोस. पावती आणि चित्राच्या अस्सलपणाचे प्रमाणपत्र मागून घे. मात्र भाव वाढेल म्हणून घेऊ नकोस. रोज बघावेसे वाटेल तेच घे.

मंडळी, तुमच्या भिंतीवर काय आहे?