सुझुरिबाकोवरचा गाळलेला शब्द

कलमदान म्हणजे काय, हे आता कचेरीतल्या नव्या मुलांना समजावून सांगावे लागते. बोरू आणि दौत ठेवायची पेटी. मोडी लिहिणाऱ्या जुन्या कारकुनांच्या हाताशी ती असायची. जपानी लोकांचे कलमदान म्हणजे सुझुरिबाको. 'सुझुरि' म्हणजे शाई उगाळायचा दगड आणि 'बाको' म्हणजे पेटी. आत तो दगड, काजळी व सरस यांची घट्ट कांडी, पाण्याचे थेंब सोडायची चिमुकली झारी आणि कुंचले. आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी लिहिणारा दर वेळी शाई उगाळणार. दोन ओळी लिहायच्या तरी आधी एवढा खटाटोप!

पेटीवरचा लेपही समजून घेण्यासारखा आहे. सावंतवाडीच्या लाखकामातली लाख किड्यांपासून येते, तर जपानी 'उरुशी' हा झाडाचा चीक. ते झाड आपल्या काजू-बिब्ब्याच्याच कुळातले. कच्चा चीक लागला की बिबा उतल्यासारखी कातडी उठते. गंमत म्हणजे हा लेप उन्हात वाळवत नाहीत. घट्ट व्हायला त्याला दमट हवा लागते, म्हणून कारागीर वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. आषाढात आमचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेव्हा मला हे कपाट आठवते. लेप ओला असताना त्यावर सोन्याची पूड भुरभुरली की झाले 'माकी-ए'.

तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात होनआमी कोएत्सु (१५५८–१६३७) याची एक पेटी आहे. तिचे छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा, खरे सांगतो, मला ती बेढब वाटली. झाकण टेकडीसारखे फुगलेले, सोनेरी लाटांवर होड्या, आणि मधून काळपट शिशाचा जाड पट्टा आडवा घातलेला. एवढ्या सोन्यावर शिसे कशाला?

त्याचे उत्तर कवितेत आहे. झाकणावर चांदीच्या अक्षरांत मिनामोतो नो हितोशी या जुन्या कवीची एक कविता विखुरली आहे. सानो गावच्या होड्यांच्या पुलाचा दाखला देऊन कुणालाच न कळलेल्या प्रेमाविषयी कवी बोलतो. पण 'होड्यांचा पूल' हा शब्दच झाकणावर नाही. कोएत्सुने तो गाळला, कारण शिशाचा पट्टा हाच तो पूल! ज्याला कविता पाठ आहे तोच ती पुरी करणार. कोएत्सुचे घराणे तलवारी पारखणारे आणि त्यांना धार-चकाकी देणारे. तो स्वतः नामांकित सुलेखनकार. आपली पेटी वापरणारा वाचणारा असेल, हे त्याने गृहीतच धरले होते.

त्याच सुमारास गोव्याहून मलाक्का, मकाव करत पोर्तुगीज जहाजे नागासाकीला जात. त्यांच्यासाठीही क्योतोत उरुशीच्या पेट्या, कपाटे, चर्चमधली ग्रंथपीठे बनली. शिंपल्याच्या तुकड्यांनी ती नुसती भरून काढलेली. काम देखणे आहे, पण त्यात गाळलेला शब्द नाही. गिऱ्हाइकाला जपानी कविता कुठली यायला? १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानची दारे बंद झाली आणि हा व्यापार संपला.

कोएत्सुच्या नात्यातलाच ओगाता कोरिन (१६५८–१७१६) त्याच्याही पुढे गेला. 'इसे मोनोगातारी' या जुन्या ग्रंथात एक प्रवासी आठ फळ्यांच्या पुलापाशी फुललेली आयरिसची फुले पाहून घरी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने कविता करतो. कोरिनच्या पेटीवर शिंपल्याची फुले आहेत, सोन्याची पाने आहेत, शिशाचा पूल आहे. प्रवासी नाही, आणि कवितेचे एक अक्षरही नाही. पुलाच्या फळ्या झाकणावरून वळून पेटीच्या बाजूंवर उतरतात, म्हणजे पेटी हातात घेऊन फिरवल्याशिवाय तो पूल पुरता दिसत नाही. आता ती काचेआड असते. वरच्या कप्प्यात शाईचा दगड, खालच्या कप्प्यात कागद ठेवायची जागा.